गणितातील पहिला शोधनिबंध ओपन ॲक्सेस नियतकालिकाकडे पाठवताना

निकाल हाती आला, सिद्धता गाइडनी डोळ्यांखालून घातली, आता हे पाठवायचे कोठे आणि कसे, हा प्रश्न गणितात संशोधन करणाऱ्या प्रत्येकापुढे एकदा तरी उभा राहतो. ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात पीएचडी करणारे विद्यार्थी असोत, फर्मागुढीची आयआयटी किंवा झुआरीनगरच्या बिट्समधील संशोधक असोत, की मडगाव-म्हापशातील महाविद्यालयात आठवड्याचे तास सांभाळून संशोधन पुढे रेटणारे प्राध्यापक असोत, आपल्याकडे गणिताचे विभाग लहान असतात आणि एकेका शाखेतील माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे ही माहिती बहुधा तोंडी मिळते, आणि तीही अर्धीमुर्धी. संकेतस्थळावर फाइल चढवण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. निबंधाचे भवितव्य ठरते ते त्याआधी, नियतकालिक निवडताना. म्हणून या लेखात निवडीवर अधिक भर दिला आहे.

घाईचे एक कारण आधीच दूर केलेले बरे. पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे ही देशपातळीवरील अट विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत काढून टाकली. आपल्या विद्यापीठाचा किंवा संस्थेचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो विभागात विचारून घ्यावा. पण केवळ अटीपायी कोठेतरी छापून मोकळे होण्याची वेळ पूर्वीइतकी येत नाही.

निबंध पाठवण्याजोगा झाला आहे का

निकाल नवा आहे याची खात्री स्वतः करावी. झेडबीमॅथ ओपन ही गणितातील शोधनिबंधांची सूची २०२१ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहे; मॅथसायनेट या तशाच दुसऱ्या सूचीसाठी मात्र संस्थेची वर्गणी लागते. आपल्या मुख्य प्रमेयातील संज्ञा निरनिराळ्या शब्दांत घालून शोध घ्यावा, कारण एकच कल्पना दोन शाखांत दोन नावांनी वावरत असते. ज्या निबंधावर आपले काम उभे आहे त्याला पुढे कोणी संदर्भिले आहे हेही पाहावे. आपला निकाल कोणी आधी काढलेला असेल, तर तो बहुधा याच वाटेने सापडतो.

त्यानंतर निबंध अशा एखाद्या व्यक्तीला वाचायला द्यावा की जिने तो घडताना पाहिलेला नाही. गाइडना सर्व संदर्भ ठाऊक असल्यामुळे राहिलेली फट त्यांच्याही नजरेतून सुटते. शेजारच्या संस्थेतील प्राध्यापकांना, सर किंवा मॅडम, आपला निबंध वाचाल का, असे विनयाने विचारण्यात संकोच नसावा. गोव्यात अंतरे लहान आहेत, आणि एका दुपारच्या चर्चासत्रात प्रमेय फळ्यावर मांडले की कोणत्या ओळीपाशी आपण अडखळतो ते आपोआप कळते.

पैसे कोण देतो, हे आधी समजून घ्यावे

ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकाला विनामूल्य खुले प्रकाशन, या एका नावाखाली परस्परांहून फार वेगळे व्यवहार चालतात. काही नियतकालिके वाचकाकडून काहीच घेत नाहीत, पण स्वीकृतीनंतर लेखकाकडून प्रकाशन शुल्क घेतात. याला गोल्ड म्हणतात, आणि मोठ्या प्रकाशकांकडे हे शुल्क एक ते तीन हजार डॉलर असणे सर्रास आहे. काही मूळची वर्गणीची असतात, पण लेखकाने पैसे भरल्यास त्याचा तेवढा निबंध खुला करतात; ही हायब्रिड पद्धत. तिसरा प्रकार डायमंड, ज्यात लेखक आणि वाचक दोघांनाही शुल्क नसते आणि खर्च विद्यापीठे, संस्था किंवा ग्रंथालये उचलतात. नवोदिताने आपली निवड शक्यतो डायमंडपुरतीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गणिताचे नशीब असे की या प्रकारात उत्तम नियतकालिके आहेत आणि ती जुनीही आहेत. इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरिक्स आणि न्यूयॉर्क जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स १९९४ पासून निघत आहेत, जर्मन गणित परिषदेने सुरू केलेले डॉक्युमेंटा मॅथेमॅटिका १९९६ पासून. गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांच्या पुढाकाराने निघालेले डिस्क्रीट ॲनालिसिस २०१६ चे. एका वर्गणीच्या नियतकालिकाच्या संपादक मंडळाने २०१७ मध्ये राजीनामे देऊन ॲल्जेब्राइक कॉम्बिनेटोरिक्स हे नवे विनाशुल्क नियतकालिक उभे केले, त्यावरून या मंडळींना हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा वाटतो ते दिसते. आपल्या देशात आर. बालसुब्रमण्यन आणि के. रामचंद्र यांनी १९७८ मध्ये सुरू केलेले हार्डी-रामानुजन जर्नल अंकसिद्धांतासाठी आहे, आणि त्याचा अंक रामानुजन यांच्या जन्मदिनी, २२ डिसेंबरला निघण्याची प्रथा आहे.

वर्गणीचे नियतकालिकच आपल्या विषयाला योग्य असेल तर त्यातही गैर काही नाही. तेथे शुल्क न भरता निबंध द्यावा आणि त्याची स्वतःची प्रत खुल्या भांडारात ठेवावी. गणितातील बहुतेक प्रकाशक याला हरकत घेत नाहीत, मात्र कोणती प्रत आणि केव्हा ठेवता येते हे त्यांच्या धोरणात वाचून घ्यावे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेमुळे सरकारी संस्थांतील वाचकांना हजारो नियतकालिके उघडता येऊ लागली. ती सोय मुख्यतः वाचनाची आहे. आपला निबंध परदेशातील एखाद्या लहान महाविद्यालयातील वाचकाला उघडता यावा, ही गरज तिने भागत नाही.

नियतकालिक निवडणे

सर्वांत सोपी सुरुवात आपल्या स्वतःच्या संदर्भसूचीपासून होते. आपण ज्या पंधरा-वीस निबंधांचा आधार घेतला ते कोठे छापले गेले? एखादे नाव तीन-चार वेळा आले असेल तर आपल्या निकालाचे वाचक तेथे आहेत. मग त्या नियतकालिकाचे अलीकडचे दोन-तीन अंक उघडून पाहावे: तेथील निबंधांची लांबी, निकालांचे वजन आणि मांडणीची तऱ्हा आपल्याशी जुळते का, आणि संपादक मंडळात आपली शाखा समजणारे कोणी आहे का. मंडळात आपल्या विषयाचे कोणीच नसेल, तर निबंध योग्य परीक्षकापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमीच.

या बाबतीत गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे. दर वर्षी पणजीत त्यांच्या नावाने विचारमहोत्सव भरतो, पण तेथे त्यांचे गणित क्वचितच चर्चेला येते. त्यांनी १९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात फलनांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. तोच निष्कर्ष पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे काढला, आणि जगभर तो मुख्यतः त्या दोघांच्या नावाने ओळखला गेला. कोसंबींचे नाव त्याला जोडले जाऊ लागले ते फार उशिरा. याच्या उलट टोकाचे उदाहरणही त्यांचेच आहे. रीमान गृहीतकापर्यंत पोहोचण्याचा दावा करणारा त्यांचा १९५९ चा निबंध कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला. ते नियतकालिक आपल्या विषयात चांगले होते, पण अविभाज्य संख्यांवरील युक्तिवाद पारखणारे वाचक त्याच्याभोवती असण्याचे कारण नव्हते. युक्तिवाद टिकला नाही आणि कोसंबींच्या गणिती प्रतिष्ठेला त्याचा मोठा फटका बसला. एका निबंधाला पुरेसे वाचक लाभले नाहीत, दुसऱ्याला छापण्यापूर्वी अडवणारा परीक्षक लाभला नाही. नियतकालिक निवडताना या दोन्ही बाजू तपासाव्यात.

आता बनावट नियतकालिकांविषयी. पीएचडीला नाव नोंदवून वर्ष होते न होते तोच ईमेलमध्ये निमंत्रणे येऊ लागतात: आपल्या थोर कार्याने आम्ही प्रभावित झालो आहोत, निबंध पाठवा, सात दिवसांत स्वीकृती. गणिताचा निबंध सात दिवसांत नीट तपासून होत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ बचाव होतो. आणखी खुणा अशा: गणितापासून पशुवैद्यकापर्यंत सर्व विषय एकाच अंकात, शुल्क किती ते संकेतस्थळावर नाही, पण स्वीकृतीच्या पत्रात आहे, प्रसिद्ध नियतकालिकाशी एका शब्दाने वेगळे असणारे नाव, आणि संपादक म्हणून अशा प्राध्यापकांची नावे की ज्यांच्या स्वतःच्या पानावर या पदाचा उल्लेख नाही. शंका आल्यास डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या निर्देशिकेत आणि झेडबीमॅथ ओपनमध्ये ते नाव शोधावे. नियतकालिक केअर या मान्य नियतकालिकांच्या यादीत आहे का, एवढेच विचारण्याची सवय अजून अनेकांना आहे. ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता पारख करण्याची जबाबदारी संस्थेवर आणि पर्यायाने लेखकावर आली आहे.

हस्तलिखित तयार करणे

गणितात लाटेक या सूत्रे जुळवणाऱ्या संगणकीय अक्षरजुळणी-प्रणालीखेरीज पर्याय नाही, असे मानून चालावे. पहिल्या वेळी नियतकालिकाचा खास साचा वापरण्याची गरज बहुतेक ठिकाणी नसते. साधा लेख-साचा चालतो आणि स्वीकृतीनंतर तो बदलता येतो. शीर्षकात निकालाचा विषय नेमका यावा. सारांशात संदर्भक्रमांक आणि स्वतः तयार केलेल्या आज्ञा टाळाव्यात, कारण तो मजकूर सूचींमध्ये एकटा फिरतो आणि तेथे त्या आज्ञा उलगडत नाहीत. बीजशब्दांबरोबर विषय-वर्गीकरणाचे क्रमांक द्यावे लागतात. सध्या २०२० ची आवृत्ती चालते, तिच्यात ६३ मुख्य वर्ग आहेत, ०५ म्हणजे कॉम्बिनेटोरिक्स, ११ म्हणजे अंकसिद्धांत, ३५ म्हणजे आंशिक विकलक समीकरणे. हा क्रमांक वरवर पाहून टाकू नये, कारण निबंध कोणत्या संपादकाकडे आणि पुढे कोणत्या सूचीलेखकाकडे जाणार हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरते.

सर्वाधिक श्रम प्रस्तावनेवर घ्यावेत. मुख्य प्रमेय पहिल्या दोन पानांत संपूर्ण विधानासह आले पाहिजे; त्याच्याआधी काय ठाऊक होते, आपण नेमके काय वाढवले आणि सिद्धतेतील नवी कल्पना कोणती, हे स्वच्छ सांगावे. परीक्षक व्हावे की नाही हे बहुतेक जण सारांश आणि प्रस्तावना वाचूनच ठरवतात. प्रबंधाचे प्रकरण जसेच्या तसे उचलून निबंध म्हणून पाठवण्याचा मोह टाळावा. प्रबंधात पाठ्यपुस्तकातील व्याख्या बारा पाने चालतात, निबंधात त्या वाचकाचा हिरमोड करतात.

नावाचे स्पेलिंग एकदाच ठरवून आयुष्यभर तेच ठेवावे. आपल्याकडे ही सूचना अधिकच लागू पडते, कारण एकाच घरात आजोबांच्या कागदपत्रांवर आडनाव पोर्तुगीज वळणाने ‘सी’ने लिहिलेले, वडिलांचे ‘के’ने, आणि प्रभुदेसाई कधी जोडून तर कधी तोडून, असे सर्रास आढळते. सूचींच्या लेखी ही वेगवेगळी माणसे ठरतात. ऑर्किड हा विनामूल्य लेखक-क्रमांक पहिल्या निबंधापूर्वीच काढून ठेवावा. सहलेखकांची नावे गणितात आडनावाच्या वर्णक्रमाने येतात आणि प्रथम लेखक असा मान कोणालाच नसतो. आपल्या निवड समित्यांत मात्र इतर विषयांची मंडळी असतात आणि पहिल्या नावाला जास्त गुण देण्याची पद्धत असते. अशा वेळी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे २००४ चे यासंबंधीचे निवेदन अर्जासोबत जोडणे उपयोगी पडते.

आधी आर्काइव्हवर

पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या आर्काइव्ह या भांडारात निबंध आधी ठेवणे गणितात रूढ आहे, आणि काही ओपन ॲक्सेस नियतकालिकांसाठी ते आवश्यकही आहे: डिस्क्रीट ॲनालिसिससारखी नियतकालिके निबंध स्वतः साठवत नाहीत, आर्काइव्हवरील प्रतीचेच परीक्षण करून तिच्याकडे निर्देश करतात. नवोदित लेखकाला तेथे बहुधा त्या शाखेतील प्रस्थापित लेखकाची शिफारस लागते, ती गाइडकडून मिळू शकते. नियतकालिकाकडे पाठवण्याच्या दिवशी ही शिफारस शोधत बसू नये. खाते आधीच उघडून ठेवावे.

येथे दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी. पहिली अशी की आर्काइव्ह पीडीएफबरोबर मूळ लाटेक फाइलही ठेवते आणि ती कोणालाही उतरवून घेता येते. टक्केवारीच्या चिन्हापुढे आपण लिहून ठेवलेली टिपणे छापील पानावर दिसत नाहीत, पण मूळ फाइलमध्ये ती जशीच्या तशी असतात: ‘ही पायरी सरांना पुन्हा विचारायची’, ‘या लेखकाची सिद्धता चुकीची वाटते’, आणि कधी याहून तिखट. चढवण्यापूर्वी ती सर्व काढून टाकावीत. दुसरी अशी की एकदा जाहीर झालेली प्रत तेथून पुसता येत नाही. निबंध मागे घेतला तरी जुनी आवृत्ती वाचायला मिळतच राहते. म्हणून रात्री शेवटची ओळ लिहिली आणि लगेच चढवला, असे करू नये. त्या दिवशी आलेले निबंध जाहीर होण्याच्या फेरीची मुदत भारतीय वेळेनुसार उन्हाळ्यात रात्री साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला संपते, आणि ती गाठण्यापायी केलेल्या चुका अनेकांना पुढे दुसरी आवृत्ती काढून निस्तराव्या लागतात.

परवान्याचा पर्याय निवडतानाही थांबून विचार करावा. आर्काइव्हचा स्वतःचा किमान परवाना बहुतेक नियतकालिकांना चालतो, आणि तो एकदा दिला की परत घेता येत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे इतरांना निबंध पुन्हा वापरू देणारा, परवाना हवा असेल तर नियतकालिकाचे धोरण आधी पाहावे.

प्रत्यक्ष पाठवणे

हा भाग थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. खाते काढावे, शीर्षक, सारांश, वर्गीकरण आणि सर्व लेखकांची माहिती भरावी, फक्त पीडीएफ जोडावी. मूळ फाइल बहुधा स्वीकृतीनंतरच मागतात. संपादक निवडण्याची सोय असल्यास मंडळातील प्रत्येकाचे विषय पाहून निवडावा. सोबतचे पत्र चार-पाच ओळींचे पुरे: निबंधाचे नाव, मुख्य निकाल एका वाक्यात, तो या नियतकालिकाला का साजेसा आहे, आणि तो अन्यत्र विचाराधीन नाही अशी ग्वाही. ही ग्वाही शब्दशः पाळायची असते. एकाच वेळी दोन ठिकाणी निबंध पाठवणे गणितात गंभीर गैरवर्तन मानतात, आणि शाखा लहान असल्यामुळे दोन्ही संपादक नकळत एकाच परीक्षकाला विचारण्याची शक्यता बरीच असते. पाठवताना कोणी पैसे मागत असेल तर तेथेच थांबावे.

संस्थेच्या साम्यतपासणीत, म्हणजे मजकूर उचललेला नाही ना हे पाहणाऱ्या तपासणीत, आपलाच आर्काइव्हवरील निबंध मोठ्या टक्केवारीने जुळलेला दिसला तर घाबरू नये. तो स्रोत वगळून अहवाल पुन्हा काढून मागावा आणि ग्रंथपालांना कारण लेखी द्यावे.

वाट पाहणे आणि अहवाल

गणितातील परीक्षण संथ चालते, कारण परीक्षक सिद्धतेची एकेक ओळ पडताळतो आणि हे काम तो विनामोबदला करतो. सहा महिने लागणे नेहमीचे, वर्ष लागणे दुर्मीळ नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नकार आला तर तो बहुधा संपादकाचा असतो आणि त्यात सिद्धतेविषयी काही म्हटलेले नसते. निबंध दुसऱ्या योग्य ठिकाणी पाठवावा. सहा महिने उलटल्यावर परीक्षण कोठवर आले हे दोन ओळींत, सौजन्याने विचारण्यास हरकत नाही. नोकरीच्या मुलाखतीची किंवा प्रबंधाची तारीख असल्यास तीही कळवावी, संपादक बहुधा समजून घेतात. मधल्या काळात पुढचे काम हाती घ्यावे.

अहवाल आला की पहिल्या दिवशी उत्तर लिहू नये. परीक्षकाचे प्रत्येक म्हणणे क्रमाने उतरवून त्याखाली आपण काय केले ते लिहावे. समजा परीक्षकाने लिहिले, ‘लेमा ३.२ मध्ये संच कॉम्पॅक्ट असल्याचे गृहीत धरलेले दिसते, पण विधानात ती अट नाही.’ यावर ‘ही बाब स्पष्टच आहे’ असे उत्तर कामाचे नाही. ‘आपले निरीक्षण योग्य आहे. अट विधानात घातली असून प्रमेय १.१ मध्ये लेमा वापरताना ती का पूर्ण होते हे पान ९ वर नव्या परिच्छेदात दाखवले आहे,’ असे उत्तर दिले की संपादकाला दोन मिनिटांत पडताळता येते. परीक्षकाचा गैरसमज झाला असे वाटले तरी मजकूर बदलावा; विषय जाणणाऱ्याचा जेथे गोंधळ झाला तेथे इतरांचाही होणार. सुचवलेला एखादा बदल अयोग्य वाटत असेल तर तो का केला नाही हे कारणासह सांगण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे. सिद्धतेत खरीच फट निघाली आणि ती दिलेल्या मुदतीत बुजत नसेल, तर मुदत वाढवून मागावी किंवा निबंध मागे घ्यावा. नकारासोबत आलेला सविस्तर अहवालही वापरावा: सुधारणा न करता तोच निबंध पुढच्या नियतकालिकाकडे पाठवला आणि तोच परीक्षक पुन्हा भेटला, तर त्याला काय वाटेल याची कल्पना करता येते.

स्वीकृतीनंतर

स्वीकृतीनंतर प्रकाशनाचा करार येतो. डायमंड नियतकालिकांत स्वामित्वहक्क सहसा लेखकाकडेच राहतो आणि निबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली निघतो. स्वामित्वहक्क प्रकाशकाला देण्याचे कलम असेल तर सही करण्यापूर्वी गाइड आणि सहलेखकांना दाखवावे. छपाईपूर्वीची मुद्रिते एक-दोन दिवसांतच परत हवी असतात, म्हणून चतुर्थीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत ती आली तर कोण तपासणार हे सहलेखकांनी आधी ठरवून ठेवावे. मुद्रिते वाचताना मजकुरापेक्षा सूत्रांकडे जास्त पाहावे: खालचे निर्देशांक, तुटलेली लांब समीकरणे, बदललेले संदर्भक्रमांक. निबंध प्रसिद्ध झाला की आर्काइव्हवरील नोंदीत नियतकालिकाचे नाव, खंड आणि डीओआय (निबंधाचा कायमस्वरूपी ओळख-क्रमांक) भरावा, शेवटची स्वीकृत प्रत तेथे चढवावी आणि ऑर्किडच्या पानावर नोंद करावी. गोवा विद्यापीठातील लेखकांनी एक प्रत विद्यापीठाच्या संस्थात्मक भांडारासाठी ग्रंथालयाकडेही द्यावी. त्यासाठी लागणारा डीओआय आणि परवान्याचा तपशील बहुधा निबंधाच्या पहिल्याच पानावर छापलेला असतो.